'रजा' आणि 'रुजू' : कर्करोगानंतरच्या कामाचा इतिहास

कचेरीत रजेवरून परतलेला कर्मचारी 'रुजू' होतो. या शब्दाचे मूळ अरबी 'रुजूअ' असून त्याचा अर्थच 'परत येणे' असा आहे. 'रजा' हाही मूळचा अरबीच. त्याचा प्रथमार्थ संमती. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तथापि कचेरीत हे दोन्ही शब्द टिकून राहिले. हिंगोली 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती व तेथील राज्यकारभार उर्दूत चाले. तेव्हा तेथे ते परके वाटण्याचे कारणच नव्हते.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र रजेनंतर रुजू होण्याचा हा क्रम फार उशिरा रूढ झाला. परतण्यासाठी प्रथम रोगी वाचला पाहिजे. मुंबईस परळ येथे 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. पुढे शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांची सांगड बसत गेली, आणि 'रोगी वाचेल काय?' या प्रश्नाशेजारी 'वाचल्यावर त्याच्या कामाचे काय?' हा प्रश्न उभा राहिला.

कायद्याने त्याचे उत्तर दोन तोंडांनी दिले. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने आजारपणाचा लाभ घेणाऱ्या कामगारास त्या काळात कामावरून काढण्यास मनाई केली. उलटपक्षी, औद्योगिक विवाद अधिनियमात 1953 साली घातलेल्या व्याख्येने सततच्या अनारोग्यामुळे झालेली सेवासमाप्ती कामगारकपातीतून वगळली. साहजिकच कपातीची भरपाईही तीस लागू होईना. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांत क्षय, कुष्ठरोग व पक्षाघात यांच्या पंक्तीस कर्करोग बसला व त्यासाठी विशेष रजा मिळू लागली. ही पंक्ती बोलकी आहे. क्षय व कुष्ठरोग रोग्यास केवळ कामापासून नव्हे, तर माणसांपासूनही दूर ठेवीत. कर्करोग संसर्गजन्य नसताही त्याच्या वाट्यास तोच दुरावा पुष्कळदा आला.

या सर्व तरतुदी पगारपत्रकावर नाव असणाऱ्यांसाठी होत्या. 1948 च्या मूळ अधिनियमाने हंगामी कारखानेही वगळले होते; शेतमजुरांचा तर प्रश्नच नव्हता. परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मुख्यतः शेतीचा. वसमतची हळद प्रसिद्ध आहे. हळदीची काढणी, शिजवणे, वाळवणे ही सारी अंगमेहनतीची कामे. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यास हात सुजण्याचा धोका कायम राहतो. मजूर स्त्रीचा हात हेच तिचे भांडवल. किरणोपचार कित्येक आठवडे जवळजवळ रोज घ्यावे लागतात. 2012 साली औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्याने मराठवाड्यातील रोग्यास मुंबईहून जवळचा मार्ग मिळाला. परंतु त्या आठवड्यांची बुडालेली मजुरी कोणत्याही रजा-खात्यात जमा होत नाही.

'रुजू' याच कुळातील 'रुजुवात' म्हणजे दोन हिशेब ताडून पाहणे. कचेरीत परतणाऱ्याकडून सुदृढतेचा दाखला मागतात, तीही एक रुजुवातच. फक्त ती कर्मचाऱ्याच्या शरीराची होते, त्याला द्यावयाच्या कामाची होत नाही. मजूर स्त्रीच्या बाबतीत तेवढीही नोंद उरत नाही. जिला रजा देणारा कोणी नाही, तिचे रुजू होणे कोणत्याच दप्तरात लिहिले जात नाही. सबब, केवळ दप्तरांवरून लिहिलेला या रोगाचा इतिहास बऱ्या झालेल्यांपैकी बहुसंख्यांना अनुपस्थितच दाखवील.