नकाशावर नसलेल्या देशाचा कवी

४ जुलै १८९० रोजी क्राकूव्ह शहरात एक आगळी अंत्ययात्रा निघाली. ज्याचे अवशेष वाहून नेले जात होते, तो कवी पस्तीस वर्षांपूर्वीच निवर्तला होता. हयातीत त्याने हे शहर कधी पाहिलेही नव्हते. तरीही पोलंडचे राजे जेथे चिरनिद्रा घेत आहेत, त्या वावेल टेकडीवरील महामंदिराच्या तळघरात त्याला सन्मानाने ठेवण्यात आले. आणि ज्या राष्ट्राने त्याला हा मान दिला, ते राष्ट्र त्या दिवशी जगाच्या नकाशावर नव्हतेच! हा कवी म्हणजे आदाम मित्सक्येविच.

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत पोलंडची वाटणी पुरी केली. त्यानंतर तीन वर्षांनी, २४ डिसेंबर १७९८ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी मित्सक्येविच जन्मला. ज्या नोवोग्रुदेक गावी त्याचे बालपण गेले, ते तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते बेलारूसमध्ये आहे. विल्नो येथील विद्यापीठात शिकत असताना, १८१७ साली त्याने मित्रांसमवेत एक गुप्त अभ्यासमंडळ स्थापन केले. झारच्या राजवटीला तेवढेही सहन झाले नाही. १८२३ मध्ये त्याला अटक झाली, एका मठात कोंडण्यात आले आणि पुढच्या वर्षी रशियात हद्दपार करण्यात आले. वय अवघे पंचवीस. जन्मभूमीचे दर्शन त्याला पुन्हा कधीच घडले नाही.

रशियात पुश्किनसारखे मित्र त्याला लाभले. जुलमी सत्ता वेगळी आणि तिच्याखाली राहणारी माणसे वेगळी, हा विवेक त्याने पुढेही सोडला नाही. १८२९ साली तो रशियाबाहेर पडला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलंडमध्ये उठाव झाला, तेव्हा तो रोममध्ये होता. रणांगणावर तो पोहोचलाच नाही आणि १८३१ मध्ये उठाव चिरडला गेला. त्यावर कडी म्हणजे १८३२ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी पोलंडच्या धर्माध्यक्षांना पत्र लिहून प्रस्थापित सत्तेची आज्ञा पाळण्याचा उपदेश केला. श्रद्धाळू पोलिश जनतेला हा घाव जिव्हारी लागला.

उठावाच्या पराभवाच्या व्यथेतूनच त्याच वर्षी त्याच्या ‘द्झ्यादी’ या नाट्यकाव्याचा तिसरा भाग जन्मला. ‘द्झ्यादी’ म्हणजे पितर. मृतात्म्यांना अन्न अर्पण करून त्यांना बोलावण्याचा खेड्यातला जुना विधी या काव्याच्या मुळाशी आहे. या भागात कोठडीतला नायक, आपले लोक दुःखात का, असा जाब थेट परमेश्वराला विचारतो. त्याला उत्तर मिळत नाही; मात्र एका नम्र धर्मगुरूच्या प्रार्थनेला दर्शन घडते. बंडखोर प्रतिभेपेक्षा विनम्र श्रद्धा श्रेष्ठ, हे त्या बंडखोर कवीनेच लिहून ठेवावे, हे विशेष!

पोलंड हा राष्ट्रांमधील ख्रिस्त आहे, त्याचेही पुनरुत्थान होईल, असा विचार त्याने मांडला. खचलेल्या निर्वासितांना त्यातून धीर मिळाला. परंतु राष्ट्राला ख्रिस्ताच्या जागी बसवणे धोक्याचेच असते. पुढे पत्नी सेलिना हिच्या मानसिक आजाराने पोळलेला मित्सक्येविच १८४१ मध्ये आंद्झेय तोव्यान्स्की या स्वयंघोषित द्रष्ट्याच्या आहारी गेला. पॅरिसमधील कोलेज द फ्रान्स या संस्थेतील त्याच्या व्याख्यानांतही ती शिकवण उमटू लागली आणि त्याचे अध्यापन बंद पडले. १८४८ साली ख्रिस्तसभेने त्याच्या व्याख्यानांचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला.

मात्र लोकांनी हृदयात जपला तो १८३४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पान तादेउश’ या महाकाव्याचा कर्ता. या काव्यात शौर्याचे डंके फारसे नाहीत. आहेत ती भांडखोर घराणी, शिकार, अळंबी वेचायला निघालेली मंडळी, कॉफीचा दरवळ आणि संतूरसारखे वाद्य वाजवणारा यांक्येल नावाचा देशभक्त ज्यू. आरंभीच कवी चेन्स्तोखोव्हा आणि विल्नो येथील पवित्र मारियेला साद घालतो. बालपणी तिच्या कृपेने आपण बरे झालो तसेच आपल्याला मायभूमीत परत ने, अशी तिची आळवणी करतो. ती प्रार्थना ऐहिक अर्थाने फळली नाही. क्रिमियाच्या युद्धात रशियाविरुद्ध पोलिश पथके उभारण्यासाठी तो कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि २६ नोव्हेंबर १८५५ रोजी तेथेच, बहुधा कॉलऱ्याने, त्याला मृत्यू आला.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. पण जुलमी सत्तांना या कवीचे भय वाटतच राहिले. १९४० मध्ये नाझींनी क्राकूव्हमधील त्याचा पुतळा पाडला; १९५५ साली तो पुन्हा उभा राहिला. त्याच नाझी अमलात, क्राकूव्हच्या घराघरांतून, पकडले जाण्याची जोखीम पत्करून काही तरुण ‘पान तादेउश’चे गुप्त प्रयोग करीत. कारोल वोयतिवा हा त्यांतील एक. पुढे जग त्याला पोप जॉन पॉल दुसरे म्हणून ओळखू लागले. जानेवारी १९६८ मध्ये साम्यवादी सरकारने वॉर्सामधील ‘द्झ्यादी’चे प्रयोग बंद केले, तेव्हा विद्यार्थी कवीच्या पुतळ्याकडे मोर्चा घेऊन निघाले.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून, म्हणजे मित्सक्येविचच्याच मुलखातून, हजारो कुटुंबे सैबेरियाकडे हाकलली. त्यांतील सुमारे पाच हजार जण, मुख्यतः स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. परक्या मुलखातही त्यांनी प्रार्थनामंदिर आणि मातृभाषेतल्या शाळा उभ्या केल्या. घर, शेत, देश सारे गेल्यावर माणूस सोबत काय नेतो, याचे उत्तर त्यात आहे. जी भाषा आणि जी प्रार्थना हिरावून घेता येत नाही, तीच त्यांनी नेली. मित्सक्येविचनेही आयुष्यभर तेवढेच जवळ बाळगले होते.