पेजेचे मडके

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातले, तेलंगणाच्या सीमेकडचे गाव. भोवती कपाशीची शेते आणि कोलामांचे पोड. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताचे मुख्य पीठ येथून फार दूर. अशा आडगावी चार ख्रिस्ती कुटुंबे असली, तर धर्मगुरू केव्हातरी येणार. मधल्या दिवसांत प्रार्थनेची खोली कोणी झाडावी, आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावे, मयताला खांदा कोणी द्यावा? या कामांना आपण किरकोळ म्हणतो. पण तीनशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या बेटावरची ख्रिस्तसभा अशाच किरकोळ कामांवर तगली, आणि त्या कथेचा नायक आपल्या शेजारच्या गोव्याचा होता.

१६५८ साली जाफना डचांच्या हाती पडले व पोर्तुगीजांची लंकेतील सत्ता संपली. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली. जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथलिकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन. ही वार्ता गोव्यात पोहोचली, तेव्हा बाणावलीस १६५१ साली जन्मलेले फादर जोजेफ वाझ अस्वस्थ झाले. जुन्या गोव्यातील ओरेटोरियन मठाचे ते प्रमुख होते; तरी तो मान सोडून १६८७ साली, गरीब मजुराच्या वेषात, अनवाणी, जॉन नावाच्या सेवकासह ते लंकेत उतरले.

उतरताच हगवणीने त्यांना गाठले. साथीच्या भीतीने लोकांनी या अनोळखी भिकाऱ्याला वस्तीबाहेर टाकले. तेव्हा एका बाईने त्यांना गुपचूप पेज आणून दिली. त्या पेजेवर ते जगले. त्या बाईचे नाव चरित्रकारांना सापडलेले नाही. ती कोण्या धर्माची होती, हे विचारण्याचीही आम्हांला गरज वाटत नाही. अंगात त्राण येताच वाझ गळ्यात जपमाळ घालून दारोदार भिक्षा मागू लागले. माळ पाहून कोणाची नजर थबकते, एवढेच ते पाहत. अशा रीतीने लपलेली कुटुंबे एकेक करून हाती लागली. मिस्सा रात्री, दारे लावून.

१६९२ साली ते कँडीच्या सिंहली राज्यात गेले, तर पोर्तुगीज हेर समजून त्यांना जॉनसह तुरुंगात टाकण्यात आले. पुढे अवर्षणाच्या वेळी त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी कथा आहे आणि चरित्रांत तिला मोठी जागा मिळते. आमचे मन मात्र १६९७ च्या देवीच्या साथीपाशी अधिक रेंगाळते. रोग्यांना घरचेच लोक रानात सोडून देत. वाझ त्या रानात जात. निवारा उभा करीत, फोड धुवीत, घाण काढीत, तोंडात पेज घालीत. मेलेल्यांसाठी खड्डेही त्यांनीच खणले. जाफन्यातील ते पेजेचे मडके त्यांना या वेळी आठवले असेल का? आम्हांला तसे वाटते. पुरावा अर्थातच नाही. बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली, त्यामागे या सेवेची पुण्याई होती.

परंतु त्यांचे खरे शहाणपण आणखी एका गोष्टीत आहे. धर्मगुरू मोजके आणि गावे विखुरलेली, हे जाणून त्यांनी गावोगाव प्रापंचिकांवर भार सोपविला. ‘मूप्पू’ म्हणजे गावचा वडीलधारा. तो प्रार्थनाघराची देखरेख करी. ‘अण्णावी’ मुलांना धर्मशिक्षण देई, रविवारची प्रार्थना चालवी, मरणोन्मुख अर्भकाला स्नानसंस्कार देई. १७०५ साली आलेल्या फादर जाकोम गोन्साल्विस या दुसऱ्या गोवेकराने सिंहली व तमिळ भाषांत पुस्तके रचली, ती धर्मगुरूच्या गैरहजेरीत वाचली जात. यांतील बहुतेक मूप्पू व अण्णावी यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. डचांची सत्ता १७९६ पर्यंत टिकली. तोवर आणि त्यानंतरही हीच माणसे गावोगाव चर्चचा दरवाजा उघडीत राहिली.

फादर वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे निवर्तले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले व पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी तेथेच संतपद दिले. त्यांची कबर नेमकी कोठे होती, याचा मात्र पत्ता लागत नाही.