पांढरीची माती

'हरित इमारत' हा शब्द आता शाळेपर्यंत पोचला आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलं प्लास्टिकच्या बाटल्या आणतात, त्यांच्या कुंड्या करतात, वर 'टाकाऊतून टिकाऊ' असा फलक लागतो. त्यात वाईट काही नाही. पण बुलढाणा जिल्ह्यात हा धडा बाटलीपासून सुरू करणे म्हणजे दारात विहीर असताना टँकर बोलावणे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. घरं पडली, त्यांची माती तिथेच बसली, तीत चुलीची राख, शेण, भुसकट मिसळत गेलं. नवं घर बांधायचं तर हीच माती भिजवायची, तुडवायची, पुन्हा भिंतीत घालायची. जुनी चौकट नव्या घराला लागे. उरलेली माती खत म्हणून शेतात जाई. फेकून द्यायची जागाच या हिशेबात नव्हती.

संग्रामपूर तालुक्यात भोन येथे, पूर्णेच्या खोऱ्यात, डेक्कन कॉलेजने या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन केले. विटांचा स्तूप निघाला, आणि भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरीही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते, तेव्हा मुलांना तिथे न्यायचे तर फार वेळ नाही.

हा खारपाणपट्टा. पाणी तोंडात धरवत नाही, पण खारी माती धाब्यावर पसरली की पाऊस आत येत नाही. सोडियममुळे तिचे कण सुटे होतात आणि फटी बुजवतात. ज्या गुणाने शेताचा निचरा बिघडतो, त्याच गुणाने छत वाचतं. आमच्या आज्यांना सोडियम ठाऊक नव्हता, खारी ठाऊक होती.

आता दुसरी बाजू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी. सुमारे ८,००० माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराखाली. जाड भिंती, पण आतला आणि बाहेरचा दगड सांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि गळती थांबवायला त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही. पण सगळा दोष मातीच्या माथी मारणंही खरं नाही. जनगणनेच्या वर्गवारीत मातीची भिंत कच्च्यातच मोजतात. मूलही वहीत 'कच्चे घर' लिहितं, आणि त्याच घरात राहणाऱ्या आजीची त्याला लाज वाटू लागते.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हाताच्या कामातून शिकण्याची. त्या रीतीने पाहू. दोन फुटक्या मडक्यांत खारी आणि पोयटा भरावा, वर पावसाचं पाणी ओतावं, कोणतं आधी झिरपतं ते मुलांनी घड्याळ लावून पाहावं. मग वजन काढावं. एक चौरस मीटर छतावर फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच क्विंटल! हे ओझं कोण पेलतं? किल्लारीत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही छत पुष्कळ ठिकाणी उभं राहिलं. आपल्या घरी खांब आहेत की सगळा भार भिंतीवर आहे, हे मुलांनी संध्याकाळी आजीलाच विचारावं.