तलवारीचा फासा, बेहड्याचं झाड

खेळात तलवारीच्या घावानं किती इजा व्हावी, हे फाशांनी ठरवायची रीत आली कुठून? छापील वंशावळ छोटी आहे. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झनं युद्धखेळात फासे वापरले. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ निघाला. त्यात खंजीर काय नि तलवार काय, सहा बाजूंचा एकच फासा. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीनं खंजिराला चार बाजूंचा आणि तलवारीला आठ बाजूंचा फासा दिला.

मला मात्र या रीतीचं मूळ आमच्या वऱ्हाडच्या वाटेवर दिसतं. महाभारतातला नळ सारथी बनून ऋतुपर्ण राजाला आपली राणी दमयंती हिच्या माहेरी, कुंडिनपुराला नेत होता. तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर ते हेच, असं आपण मानतो. वाटेत बेहडा लागला. राजानं नुसतं पाहून सांगितलं, दोन फांद्यांवर २०९५ फळं आहेत. नळानं झाड पाडून मोजली, तर तेवढीच! मग अश्वविद्येच्या बदल्यात राजानं त्याला फाशांची विद्या दिली.

फळं मोजण्याचा जुगाराशी काय संबंध? इथं पंडितांची जुंपते. काही म्हणतात, फासे चार बाजूंचे, वर पडेल ती खूण वाचायची. जर्मन पंडित ल्यूडर्सनं १९०७ साली वेगळं मांडलं: बेहड्याच्या फळांचा ढीग चारांनी मोजायचा, बाकी शून्य तर कृत, म्हणजे सर्वांत चांगला डाव; एक उरला तर कली, म्हणजे सर्वांत वाईट. मी ल्यूडर्सच्या बाजूचा. खूणच वाचायची तर ऋतुपर्णाची नजर हवी कशाला? ढिगाचा अंदाज बांधायचा तर मात्र तीच सगळी विद्या. तत्त्वज्ञ इयान हॅकिंगनंही १९७५ साली संभाव्यतेच्या इतिहासात ही कथा घेतली.

खेळाच्या नियमकाराचं कामही हेच, अंदाज बांधायचं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या आवृत्तीत मोठ्या तलवारीला सहा बाजूंचे दोन फासे, मोठ्या कुऱ्हाडीला बारा बाजूंचा एक. दोन्हींची कमाल १२. सरासरी ७ आणि ६.५. पण तलवारीचे १२ छत्तिसात एकदा पडतात, कुऱ्हाडीचे बारात एकदा. तलवार भरवशाची, कुऱ्हाड लहरी.

ऋतुपर्णापासून राइसविट्झपर्यंत कागदोपत्री धागा नाही, हे कबूल. कथेत हत्यारही नाही, असं कुणी म्हणेल. पण नळाचं राज्य कुठल्या तलवारीनं गेलं? फाशांनीच ना!