लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांतील पुरावा (भारत)

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांतील पुरावा म्हणजे बलात्कार व तत्सम गुन्ह्यांच्या तपासात पोलिसांनी जमवलेली, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नोंदवलेली आणि सरकारी अभियोक्त्यांनी न्यायालयापुढे मांडलेली साक्ष, नमुने व कागदपत्रे होत. १ जुलै २०२४ पासून या कामाची रीत प्रामुख्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांत सांगितलेली आहे.

पार्श्वभूमी

या विषयाची चर्चा बहुधा देसाईगंज (वडसा) येथील घटनेपासून सुरू होते. मार्च १९७२ मध्ये तेथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निवाड्यात ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिला लैंगिक संबंधांची सवय होती, या वैद्यकीय निष्कर्षांना खटल्यात मोठे वजन मिळाले. ठाण्याच्या दारात पोलिसांपुढे मुलगी किती प्रतिकार करू शकली असती, हा साधा प्रश्न मात्र बाजूला पडला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार या विधिशिक्षकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून तोच प्रश्न विचारला. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीसारख्या परिस्थितीत संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती असे पीडितेने सांगितल्यास, न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. शारीरिक प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत येण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

जबाब व वैद्यकीय तपासणी

पीडितेची फिर्याद व जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवावा लागतो. जबाब तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या ठिकाणी घेता येतो. पुढे दंडाधिकाऱ्यांपुढेही तिचा जबाब होतो. गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून २४ तासांत तिला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तपासणी मात्र तिच्या (किंवा तिच्या वतीने संमती देण्यास सक्षम व्यक्तीच्या) संमतीवाचून करता येत नाही. रुग्णालयाने आधी उपचार विनामूल्य करावयाचे असतात. पोलिसांचा कागद नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घटनेनंतर ९६ तासांच्या आत आलेल्या पीडितेचे सर्व नमुने घेतले जातात. उशीर, अंघोळ, लघवी, कपडे बदलणे यांमुळे शारीरिक खुणा नाहीशा होऊ शकतात, म्हणून ही माहिती अहवालात लिहिणे महत्त्वाचे ठरते. ती नसली की 'वीर्य आढळले नाही' हे वाक्य न्यायालयात आरोपीच्या बाजूने वाचले जाते.

याच सूचनांनी 'दोन बोटांची चाचणी' निषिद्ध ठरवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी पीडितेच्या खाजगीपणावर आघात करते असे म्हटले होते. २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असेही बजावले. सेवाग्राम येथील न्यायवैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या निकृष्ट दर्जाबद्दल तयार केलेला अहवाल नागपूर खंडपीठातील जनहित याचिकेच्या चर्चेत महत्त्वाचा ठरला.

मुद्देमाल

खटले पुष्कळदा येथेच कोसळतात. ओले कपडे व स्वॅब सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावे लागतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओलाव्याने बुरशी येते आणि डीएनए नासतो. पाकीट मोहोरबंद करून त्यावर नाव, तारीख, वेळ व सही हवी. डॉक्टर, अंमलदार, मुद्देमाल कारकून आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा यांपैकी प्रत्येकाच्या हातातील नोंद जुळली नाही, तर नमुना खरा असूनही बचावपक्षाला त्यावर शंका घेण्यास जागा मिळते. म्हणून नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण आवश्यक केले, तसेच सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद केली.

न्यायालयात

पीडितेची साक्ष विश्वासार्ह असल्यास केवळ तिच्यावर शिक्षा देता येते, हे 'पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग' (१९९६) या निवाड्याने ठामपणे मांडले. फिर्यादीस झालेला विलंब आपोआप मारक नसतो, हेही त्यातच आहे. पीडितेचे चारित्र्य मांडून तिची साक्ष हाणून पाडण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम २००३ च्या सुमारास वगळले गेले. संमतीच्या प्रश्नावर तिचा पूर्वीचा लैंगिक इतिहास आता अप्रस्तुत आहे. असा प्रश्न उलटतपासणीत आल्यास त्यास हरकत घेणे हे अभियोक्त्याचे काम असते. सुनावणी बंद दालनात होते आणि पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.