घोंगडी, घोंगशी, पन्नी

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शेतात घट मांडतात. धान्याचे दाणे, घागर, करवा, पापड, कुरडई अशी सगळी मांडणी रात्रभर उघड्यावर राहते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यातले बदल पाहून यंदाच्या पावसाचं भाकीत सांगितलं जातं. भाकीत खरं मानणारा आणि हसण्यावारी नेणारा, दोघंही घरी गेल्यावर एकाच कामाला लागतात. बियाण्याची जमवाजमव होते, डवऱ्याच्या पासा धार लावून येतात आणि गेल्या वर्षीची प्लास्टिकची पन्नी उजेडात धरून भोकं मोजली जातात.

बुलढाणा जिल्ह्यात पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. वर्षाची सरासरी साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर, तीही लहरी. पण या जिल्ह्याचा माणूस पावसात उभा असतो तो रात्री, रानात, आणि बहुतेकदा जनावरांच्या मागावर. मुघलांच्या काळापासून वऱ्हाडाचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मानले जात. आजही लोक ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असंच बोलतात. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगा, घाटाखाली पूर्णेचं काळं खोरं, उत्तरेला सातपुडा. अशा मुलखात पिकाला जनावर लागतंच. पारधी, मेंढपाळ आणि जागलकरी यांनी पावसात अंगावर काय घेतलं, हा या जिल्ह्याच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा आहे.

शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर खाकीतला साहेब येतो. बुलढाण्याच्या पावसाशी मात्र त्याचा फारसा संबंध आला नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर इथे साहेब आले, बंदुका आल्या, हाकेही झाले. पण त्यांचा हंगाम हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. चैत्र-वैशाखात पाणवठे आटले की वाघ उरलेल्या पाण्याशी येतो. तीच शिकाऱ्याची वेळ. मृग लागला की काळ्या मातीत पावलागणिक शेर-शेर चिखल चिकटतो, बैलगाडी रुतते, गवत माणसाच्या उंचीला जातं. साहेब बंगल्यात परतायचा. पावसाचा कोट होता तोही साहेबाचाच. चार्ल्स मॅकिंटॉशने ग्लासगोमध्ये १८२३ मध्ये रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं, त्याचे कोट पुढे जगभर गेले. सुरुवातीचे ते कोट उन्हात चिकट व्हायचे, थंडीत कडक पडायचे आणि वास मारायचे. १८४० च्या दशकात रबराला गंधकाची प्रक्रिया सापडली, तेव्हा कुठे ते सुधारले. वऱ्हाडातल्या कुणब्याला हा कोट माहीत असला तर तो दुसऱ्याच्या अंगावरचा.

पावसात रानात राहिला तो फासेपारधी. नावातच त्याचा धंदा आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पारध्यांची नोंद आहे: फाशांनी काळवीट धरणारे, बैलाच्या आडून सावजाजवळ सरकणारे, जात्यांना टाकी लावत हिंडणारे टाकणकार. तातीच्या आणि चामड्याच्या फाशांना ओल मानवत नाही, ते सैल पडतात. म्हणून पावसाळ्यात मोठ्या सावजापेक्षा तितर आणि लावा यांच्यावर भिस्त असे. त्यांच्यासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास लागत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या जमातींवर संशयाचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का लगेच पुसला गेला नाही. पावसाळ्यात पारध्यांचं पाल आणि अंगावरचं पांघरूण यांत फारसा फरक नसे. रात्री जे डोक्यावर ताणायचं तेच दिवसा खांद्यावर घ्यायचं.

ते पांघरूण म्हणजे बहुधा घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. ती हातानं कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर पट्टे विणून एकमेकांना जोडायचे. हे काम सणगरांचं आणि खुटेकर धनगरांचं. ‘खुटेकर’ हे नाव विणकामाच्या खुंट्यावरूनच आलेलं. घोंगडी पाणी अडवते असं म्हणणं अर्धंच खरं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेते तरी अंगाला गार लागत नाही. शिवाय दाट विणीवरून पहिली सर निथळून जाते. भिजूनही ऊब देणं हा तिचा खरा गुण, आणि रात्रभर मेंढरांमागे किंवा पिकाच्या राखणीला बसणाऱ्याला तोच हवा होता.

वजन मात्र सोसावं लागे. कोरडी घोंगडी दोन-अडीच किलोंची, भिजल्यावर खांदा वाकवणारी. शिवाय ती विकत घ्यावी लागे किंवा धान्याच्या बदल्यात मिळवावी लागे. ती नीट राखली तर वर्षानुवर्षं टिकायची, म्हणून घरात एक असे आणि ती ज्याला रात्री रानात जायचं त्याच्या वाट्याला येई. दिवसा निंदणाला बसणाऱ्या बायांनी काय घ्यायचं, हा प्रश्न उरायचाच. कोकणात त्यासाठी इरलं होतं. पण इरल्याची घडण भाताच्या लावणीची, कमरेत वाकलेल्या पाठीची. ज्वारी-कपाशीच्या ओळींत उकिडवं बसून सरकणाऱ्या बाईला ते अडचणीचं.

या प्रश्नाचं उत्तर आगगाडीनं आणलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची नागपूरकडे जाणारी वाट मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला, कारण खामगावची कापसाची बाजारपेठ तेव्हा देशात नावाजलेली होती. बंगालमध्ये गंगेकाठी रिश्र्याला १८५५ मध्ये तागाची देशातली पहिली गिरणी निघाली होती. त्या उद्योगाचं बारदान धान्य, सरकी आणि ढेप घेऊन देशभर फिरू लागलं. रिकामं झालेलं पोतं शेतकऱ्याच्या घरी उरलं.

पोत्याच्या तळाचा एक कोपरा दुसऱ्यात आत दाबला की टोपडं तयार होतं. बाकीचं पाठीवर सोडायचं. शिवण नाही, बटण नाही, दाम नाही. हीच घोंगशी, कुठे घोंगता, कुठे खोळ. हे शब्द पोत्याहून जुने आहेत. कांबळं दुमडून डोक्यावर घेण्याला हीच नावं होती, पोत्यानं ती वारशानं घेतली. शंभर किलो धान्याचं रिकामं पोतं जेमतेम किलोभर भरतं, म्हणजे घोंगडीच्या निम्म्याहून कमी. सरीवर सर आली की ते गच्च भिजतं आणि पाणी मानेवरून पाठीत उतरतं. पण दुसरं पोतं घरात असतंच, आणि ओलं चुलीशेजारी वाळत टाकता येतं.

तयार रेनकोटही देशी झाला होता. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ सुरू केली. तिचा ‘डकबॅक’ पुढे शाळामास्तर, पोस्टमन आणि सायकलवाल्या कारकुनांपर्यंत पोचला. शेतमजुराला तो परवडण्याजोगा नव्हता, आणि रबरी कोट घालून डवरा धरला तर पावसापेक्षा घामानंच माणूस भिजे.

हरितक्रांतीच्या वर्षांत रासायनिक खत गावोगाव गेलं, आणि त्याच्या पिशवीनं बारदानाची जागा घेतली. युरियाला हवेतली ओल लागू नये म्हणून पिशवीच्या आत प्लास्टिकचं अस्तर आलं. पुढे पिशवीच प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली झाली. अस्तर सोडवून एक बाजू कापली की पूर्ण पाणबंद खोळ! विणलेली पिशवी शिवणीतून गळते, पण तिचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. अडीच किलोंवरून सव्वाशे ग्रॅमवर येण्याचा हा प्रवास शंभर वर्षांतला. गंमत अशी की घोंगडीनंतरचं यातलं काहीच पावसासाठी बनलेलं नव्हतं. पोतं धान्याचं, अस्तर खताचं. गरिबाचा रेनकोट दरवेळी कुणाच्या तरी मालाचं वेष्टण होतं.

शब्दांतही ही सगळी पुटं सापडतात. ताडपत्रीत ताडाचं पान नाही. मेणकापडात मेण नाही. आणि आता आठवडी बाजारात मीटरवर कापून मिळते ती नुसती पन्नी.

दरम्यान शिकार संपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची हौशी शिकारही बंद केली. १९९७ मध्ये जिल्ह्यात ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं झाली. २०१९ च्या पावसाळ्यात यवतमाळच्या टिपेश्वरहून रेडिओ कॉलर घातलेला एक वाघ निघाला आणि १३०० किलोमीटरांहून अधिक चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी सोयाबीन, तूर, कपाशी उभी होती.

त्या पिकांत आता रोही (नीलगायी) आणि रानडुकरं घुसतात. लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर बंदूक उचलता येत नाही, म्हणून माणूस बॅटरी, थाळी आणि फटाके घेऊन माळ्यावर बसतो. त्याच्या अंगावर पन्नी असते. हलकेपणात आणि स्वस्तपणात तिच्याशी कुणाची बरोबरी नाही. पण ती वाऱ्यानं फडफडते, उन्हानं तडकते आणि दसऱ्यापर्यंत क्वचित टिकते. पहाटे दोनच्या गार वाऱ्यात तिच्याखाली अनेक घरचे म्हातारे अजूनही घोंगडीच पांघरून बसतात.