एकास पस्तीस : प्लॅस्टिकचे रणगाडे आणि युद्धाची स्मृती

दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यासक साधनांच्या शोधात दप्तरखान्यांकडे, सेनानींच्या आत्मवृत्तांकडे, छायाचित्रांकडे आणि नकाशांकडे वळतो. खेळण्यांच्या दुकानातील पुठ्ठ्याच्या पेटीकडे त्याची दृष्टी सहसा जात नाही. तथापि १९६० नंतर जपान, ब्रिटन, अमेरिका व पश्चिम युरोप येथे वाढलेल्या कित्येक मुलांना ‘पँथर’ अथवा ‘टायगर’ या रणगाड्यांचा पहिला परिचय अशा पेटीतूनच झाला. तीत सुट्या भागांच्या चौकटी, एक सूचनापत्र व पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे असत. ज्या वस्तूने इतक्या लोकांच्या मनात युद्धाचे चित्र उभे केले, ती वस्तू ऐतिहासिक साधन मानावयास प्रत्यवाय नसावा. मग बखरीस जे प्रश्न आपण विचारतो तेच तिलाही विचारले पाहिजेत : ती कोणी रचली, कोणत्या अडचणींत रचली, आणि तिने काय गाळले?

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक तापवून, पातळ करून पोलादी साच्यात दाबाने भरले जाते व थंड झाल्यावर भाग चौकटीसह बाहेर निघतात. भाग जोडण्याचा द्रव प्लॅस्टिकलाच किंचित विरघळवून दोन कडा एकजीव करतो. साचा अतिशय महाग आणि त्यातून निघणारा प्रत्येक नग अतिशय स्वस्त, हे या धंद्याचे मूळ गणित आहे. हजारो पेट्या खपतील अशी खात्री असल्यावाचून कोणी साचा कोरीत नाही. जोडलेली वाहने व सैनिक माती, भिंती, झाडे यांच्यासह एका फळीवर मांडून जो प्रसंग उभा करतात त्यास डायोरामा म्हणतात. हा शब्द मूळचा पॅरिसमधील. दागेर याने १८२२ साली तेथे प्रचंड रंगीत पडद्यांवर प्रकाश पालटवून देखावे दाखविण्यास आरंभ केला, त्या प्रेक्षागृहाचे ते नाव होय. आपल्याकडील दिवाळीचा किल्ला हा याचाच एक दूरचा आप्त मानता येईल, पण एक भेद महत्त्वाचा आहे. आपल्या किल्ल्यावरील महाराजांची मूर्ती महाद्वाराहून उंच असली तरी कोणास खटकत नाही. डायोराम्यात मात्र प्रमाण हाच पहिला कायदा. एकास पस्तीस या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटरांचा होतो, आणि मग शेजारचे दार, बादली, काडतुसांची पेटी यांनाही त्याच नियमाने लहान व्हावे लागते.

युद्धाची प्रतिकृती हे निरुपद्रवी काम नव्हे, याचा पुरावा प्लॅस्टिकच्या पूर्वीचाच आहे. लेफ्टनंट विल्यम सायबॉर्न यास १८३० मध्ये वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. त्याने रणभूमीवर महिनोन् महिने राहून मोजणी केली. हयात अधिकाऱ्यांस पत्रे लिहून ‘त्या संध्याकाळी आपली तुकडी नेमकी कोठे होती?’ असे विचारले. आणि सत्तर हजारांहून अधिक कथिली सैनिक मांडले. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रतिकृती लोकांपुढे आली. या उत्तरांवरून प्रशियाच्या सैन्याचा वाटा वेलिंग्टनच्या गोटास मानवेल त्याहून मोठा ठरत होता. या मतभेदाच्या दडपणाखाली अखेर सायबॉर्नने प्रशियाचे हजारो सैनिक फळीवरून उचलले. लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात ती प्रतिकृती आहे. तिच्यात जे नाही तेही तिच्या इतिहासाचा भाग आहे.

सायबॉर्नच्या फळीवर काय असावे हे प्रतिष्ठेने ठरविले. प्लॅस्टिकच्या रणगाड्यांच्या बाबतीत ते कशाने ठरविले? उत्तर काहीसे गमतीचे आहे : खेळण्यातील विजेरीने.

शिझुओका हे जपानमधील शहर लाकूडकामासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. तेथे योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकडाचा व्यवसाय सुरू केला, त्यास जोडून १९४८ पासून लाकडी नमुन्यांचे संच विकण्यास आरंभ केला, आणि १९५३ मध्ये इतर लाकूडकाम सोडून नमुन्यांवरच भर दिला. पुढे अमेरिकेतून प्लॅस्टिकचे संच येऊ लागले व लाकडी नमुन्यांचे गिऱ्हाईक तुटू लागले. १९६० मध्ये तामियांनी ‘यामातो’ या युद्धनौकेचा प्लॅस्टिक संच काढला. पण एका प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात आणल्याने तो प्रयत्न तोट्यात गेला. १९६१ च्या पँथर रणगाड्याने मात्र कारखाना सावरला. पेटीवरील चित्र शिगेरू कोमात्सुझाकी या नामांकित चित्रकाराचे होते. आतील रणगाडा मोटरीवर चालत असे, आणि जपानी मुलास हवे होते तेच. बैठकीच्या चटईवरून उशीच्या टेकाडावर चढणारा रणगाडा!

मोटर आली की विजेरी आली आणि विजेऱ्या ठेवण्यास जागा आली. संस्थापकांचे पुत्र शुन्साकु तामिया (१९३४–२०२५) यांनी आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने सांगितले आहे की पँथरचा आकार दोन विजेऱ्या पोटात मावाव्यात एवढ्याच विचाराने ठरला होता. संच गाजल्यावर त्याच मापाचे दुसरे रणगाडे काढावेत असे ठरले, तेव्हा त्यांनी नमुना मोजून पाहिला. तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याइतका भरला. एकास बहात्तर या प्रमाणामागे इंचाला सहा फूट असा सरळ हिशेब आहे. एकास बत्तीस हे प्रमाण खेळण्यातील शिशाच्या सैनिकांच्या चोपन्न मिलिमीटर उंचीशी जुळते. एकास पस्तीसच्या मागे असा कोणताही हिशेब नाही. तरीही अमेरिकेतील मोनोग्रॅमचे एकास बत्तीसचे रणगाडे मागे पडले, आणि जगभरच्या कारखान्यांनी पुढे हे अडनिडे प्रमाणच स्वीकारले. पहिल्याने मांडलेल्या मापाशी जुळवून घेणे दुसऱ्यास भाग पडते. नाही तर त्याचा सैनिक पहिल्याच्या गाडीत बसत नाही.

विजेरीची खूण प्रत्यक्ष वस्तूवरही राहिली. जुन्या तामिया संचांत रणगाड्याच्या तळाशी मोटरीच्या जोडणीसाठी भोके असत. मोटर गेली, साचा तोच राहिला. १९७० नंतरचा दक्ष जुळणीकार ती भोके प्लॅस्टिकच्या तुकड्यांनी बुजवू लागला. काही संचांत दंतचक्रांची पेटी मावावी म्हणून देहाचे मापही मूळ रणगाड्यापासून ढळलेले आढळते. ताम्रपटावर खोडलेल्या अक्षरांचा माग काढण्याची सवय असलेल्या वाचकास या भोकांचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९६८ मध्ये तामियांनी ‘मिलिटरी मिनिएचर’ ही मालिका सुरू केली. तिची पहिली पेटी रणगाड्याची नव्हती; ती जर्मन रणगाडा-दलातील सैनिकांची होती. येथे खेळण्याचे चित्रात रूपांतर झाले असे म्हणता येईल, कारण मोटरीने धावणाऱ्या रणगाड्यावर माणसाची गरज नसते, ती थांबलेल्या रणगाड्यास असते. १९७० च्या दशकात शेपर्ड पेन (१९४६–२०१५) या अमेरिकी कलावंताने मोनोग्रॅमच्या संचांसाठी रंगीत डायोरामे रचले. ते कसे केले हे सांगणारी पत्रके पेटीतच घातलेली असत. चिखल कसा करावा, पडकी भिंत कशी उभारावी, रंग झिजलेला कसा दाखवावा, हे हजारो मुले त्यांतून शिकली.

आता गाळलेल्या गोष्टींकडे वळले पाहिजे. आरंभ पँथरने झाला आणि मालिकेची पहिली पेटी जर्मनांची होती, हे पुढील दिशेस पुरेसे सूचक आहे. जर्मन सैन्याच्या वाहनांचे प्रकार विपुल, त्यांवरील रंगांचे पट्टे वेधक, आणि साचा कोरणाऱ्यास खपाची खात्री. मग एकाच रणगाड्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघत राहिल्या. पेटीतील सैनिक दुर्बिणीतून पाहतो, नकाशा उलगडतो, सहकाऱ्यास पाण्याची बाटली देतो. हेच सैन्य पोलंडमध्ये व रशियात ज्या गावांतून गेले, तेथील जळालेली घरे डायोराम्यात पार्श्वभूमी म्हणून येतात. त्या घरांतील माणसे क्वचितच येतात. जर्मनीत दंडसंहितेच्या ८६-अ कलमामुळे स्वस्तिकचिन्हाच्या प्रदर्शनावर निर्बंध आहे, म्हणून तेथे विकल्या जाणाऱ्या पेट्यांतून ते चिन्ह वगळतात अथवा तुकड्यांत विभागून छापतात. या कायद्याचा हेतू योग्यच आहे. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की विमानाच्या शेपटीवरील ती जागा कोरी राहते आणि ज्या राजवटीसाठी ते उडाले तिचे नाव चित्रातून पुसले जाते.

जुळणीकारांवर सरसकट ठपका ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. शुन्साकु तामिया स्वतः अमेरिकेतील अबर्डीन व इंग्लंडमधील बॉव्हिंग्टन येथील संग्रहांत जाऊन रणगाड्यांची छायाचित्रे घेत असत. अशा मागणीमुळेच जुन्या वाहनांची मापे व रंगछटा यांविषयी जेवढी बारीक चौकशी झाली, तेवढी विद्यापीठांतून क्वचितच झाली असेल. प्रस्तुत लेखकाच्या मते ही चौकशी कौतुकास्पद आहे. दोष असलाच तर तिच्या टोकाचा : बोल्टांची संख्या बरोबर आली म्हणजे प्रसंगही बरोबर आला, असे समाधान ती देते.

महाराष्ट्राशी या विषयाचा जो संबंध पोचतो, तो याच गाळलेल्या बाजूने. इटलीच्या मोहिमेत मराठा पलटणी लढल्या. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते ठाणे त्यांनी निकामी केले आणि लगेच शत्रूच्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा प्रसंग एकास पस्तीस प्रमाणात कोणी मांडू म्हणेल, तर समोरचे जर्मन मशीनगनवाले त्याला पेटीत तयार मिळतील, त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्यांसह. घाडग्यांसाठी मात्र बहुधा ब्रिटिश पायदळाची पेटी आणून त्यातील एकाचा चेहरा कोरून, वर्ण पालटून, स्वतःच्या हाताने त्यांना घडवावे लागेल.